मोटारीचा साज : कारखान्याचा, विक्रेत्याचा आणि मालकाचा

पोळ्याच्या दिवशी आमच्या सावरगावात बैल सजून निघतात, तेव्हा त्यांच्या अंगावरील साजाकडे जरा लक्ष देऊन पाहावे. शिंगे, वशिंड आणि अंगाचा रंग ही बैलाची जन्मजात मिळकत होय. वेसण आणि कासरा पुष्कळदा विकणाऱ्याकडूनच त्याच्याबरोबर आलेला असतो. झूल, घुंगूरमाळ आणि शिंगांचा बेगड ही मालकाची हौस. जाणत्या शेतकऱ्यास हे तिन्ही प्रकार एका दृष्टिक्षेपात वेगळे दिसतात, आणि बैलाचा सौदा करताना तो झुलीची किंमत बैलाच्या किमतीत मिसळू देत नाही.

श्रोतेहो, हा दाखला देण्याचे कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या घरच्या जुन्या फियाट मोटारीला एक गिऱ्हाईक सांगून आले. ही मोटार माझ्या आजोबांनी १९६८ साली नागपूरहून आणली. सौदा जमविणारे मध्यस्थ आमच्या पडवीत आले, गाडीभोवती दोनदा फिरले आणि त्यांनी दोन सूचना केल्या. छतावरचा कॅरियर आणि समोरच्या काचेवरील उन्हाची पत्र्याची झापड काढून टाकावी, कारण ती 'कंपनीची नव्हेत', ही पहिली. गाडीतील जमिनीवरचा गिअर, लाकडी स्टिअरिंग आणि रेडिओ ही मात्र 'कंपनीकडूनच आली' असे मी, शाळामास्तर या नात्याने, एका कागदावर लिहून सही करून द्यावे, ही दुसरी. दोन्ही गोष्टी मान्य केल्या असत्या तर किंमत बरीच वाढणार होती. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड होती. त्यामुळे 'कंपनीचे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न आमच्या घरी केवळ हौसेचा राहिला नाही. त्याचा छडा लावण्यासाठी मी जे वाचले आणि तपासले, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रारंभी इटलीकडे वळावे लागेल. आमची फियाट ही मूळ इटालियन घडणीची. शिवाय मोटारीच्या साजाचा हा विचार जगात अत्यंत बारकाईने कोठे होत असेल, तर तो जुन्या इटालियन स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत होतो. फेरारी, लान्सिया, आल्फा रोमिओ, मासेराती या नावांच्या गाड्या हजारोंच्या संख्येने नव्हे, तर पुष्कळदा शेकड्यांनी आणि कधी केवळ दहा-वीसच्या संख्येने निघाल्या. गिऱ्हाईक श्रीमंत आणि चोखंदळ असे. कारखानाही त्याची आवड राखण्यास तयार असे. परिणामी एकाच वर्षी, एकाच नावाने निघालेल्या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर त्यांची चाके, बैठका, दिवे आणि खिडक्या निराळ्या निघू शकतात, आणि तरीही दोन्ही अस्सल असू शकतात.

कारखान्यातच, गाडी तयार होत असताना, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून जो साज चढविला जाई, त्याला आपण कारखान्याचा ऐच्छिक साज म्हणू. याचे चांगले उदाहरण म्हणजे फेरारीची '३६५ जीटीबी/४' ही गाडी. १९६८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती प्रथम लोकांपुढे आली व १९७३ पर्यंत तिचे उत्पादन चालू होते. लोक तिला 'डेटोना' या नावाने ओळखतात. या गाडीस कारखान्याकडून सामान्यतः क्रोमोदोरा या घडणीची, मिश्रधातूची ओतीव चाके मिळत. परंतु ज्यास जुन्या धाटणीची, तारांच्या आऱ्यांची चाके हवी असत, त्यास जादा पैसे भरून मिलान येथील बोरानी कंपनीची चाके घेता येत. ही बोरानी कंपनी १९२२ पासून, रज-व्हिटवर्थ या इंग्रज कंपनीच्या परवान्याने, तारांची चाके बनवीत आली होती. गाडी थंड ठेवणारे वातानुकूलन यंत्रही मागणीप्रमाणेच मिळे. तेव्हा डेटोनास तारांची चाके दिसली म्हणून ती गाडी नकली ठरत नाही. त्याचप्रमाणे ओतीव चाके आहेत म्हणून ती उणी ठरत नाही. प्रश्न इतकाच की, त्या विशिष्ट क्रमांकाची गाडी कारखान्याच्या दारातून बाहेर पडली तेव्हा तिला कोणती चाके होती.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. दोन गाड्यांतील प्रत्येक फरक हा ऐच्छिक साज नसतो. डेटोनाच्या पहिल्या गाड्यांना पुढील दिवे पारदर्शक आवरणाखाली झाकलेले असत. अमेरिकेतील नियमांस ते मान्य नव्हते, म्हणून पुढे उघडझाप करणारे दिवे आले. हा फरक कोणा गिऱ्हाइकाच्या आवडीने घडला नाही, तो कायद्याने घडविला. जुन्या वस्तूचा अभ्यास करताना 'हे निराळे का आहे?' हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो तो यासाठी.

दुसरा प्रकार विक्रेत्याच्या साजाचा. कारखाना गाडी पाठवी, आणि गिऱ्हाइकाच्या हाती किल्ली देण्यापूर्वी विक्रेता तीवर आणखी काही वस्तू बसवून देई. इटलीत या धंद्यावर मोठमोठी नावे उभी राहिली. कार्लो अबार्थ यांनी १९४९ साली आपला उद्योग सुरू केला. शर्यतीच्या गाड्यांसाठी त्यांची ख्याती झाली खरी, पण त्यांच्या उद्योगाचा मोठा आधार होता तो सायलेन्सर विकण्याचा. फियाटसारख्या साध्या कुटुंबाच्या गाडीस अबार्थचा सायलेन्सर बसविला की तिचा आवाज भारदस्त होई व थोडी शक्तीही वाढे. १९६३ पासून त्यांनी लहानग्या फियाट ५०० साठी '५९५' या नावाचा भागांचा संचच विकावयास काढला. एका पेटीत बांधलेले हे सामान एखादा कुशल कारागीर आपल्या दुकानात गाडीवर चढवू शके. तुरीनचे एन्रिको नार्दी यांचे लाकडी स्टिअरिंग असेच प्रसिद्ध आहे. लान्सियाच्या 'ऑरेलिया' गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असे. वेगाने हाकणाऱ्यांना तो जमिनीवर हवा असे, तेव्हा नार्दी यांनी त्यासाठी वेगळा संच बनविला. आज जुन्या ऑरेलियात नार्दीचा गिअर आढळला तर जाणकार त्यास दोष मानीत नाहीत. तो त्या काळचा, त्या गाडीसाठीच घडविलेला साज म्हणून त्याची किंमत धरतात. मात्र त्यास लान्सियाच्या कारखान्याचा गिअर असे कोणी म्हटले तर ते चूक होईल.

विक्रेत्याचे वजन कधीकधी थेट कारखान्यापर्यंत पोहोचे. लुइजी किनेत्ती हे मूळचे इटालियन शर्यतवीर अमेरिकेत फेरारीच्या गाड्या विकीत. १९४९ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत फेरारीने प्रथम जिंकली, ती त्यांच्याच हाताने. अमेरिकेतील गिऱ्हाइकांना उघड्या छपराच्या गाड्या आवडतात हे ओळखून त्यांनी '२७५ जीटीबी/४' या बंद गाडीची उघडी आवृत्ती करवून घेतली. फेरारीचे सांगाडे घडविणाऱ्या मोदेना येथील स्कालियेत्ती यांच्या कार्यशाळेत १९६७-६८ च्या सुमारास अशा केवळ दहा गाड्या तयार झाल्या. या गाड्या विक्रेत्याच्या कल्पनेतून जन्मल्या, परंतु घडल्या त्या कारखान्याच्याच नेहमीच्या हातांनी. त्यांतील एक २०१३ साली अमेरिकेत लिलावात २ कोटी ७५ लक्ष डॉलरना गेली.

आता तिसरा प्रकार, मालकाचा साज. गाडी रस्त्यावर आल्यावर, मग ती दुसऱ्या दिवशी असो की वीस वर्षांनी, मालकाने जे बदलले अथवा जोडले ते या सदरात येते. ते वाईटच असते असे नाही. पण खरी ठेच लागते ती येथेच. डेटोनाची गोष्ट पुन्हा घेऊ. बंद छपराच्या सुमारे १३०० गाड्यांच्या मानाने कारखान्याने उघड्या छपराच्या गाड्या फारच थोड्या, म्हणजे सुमारे १२० काढल्या. पुढे उघड्या गाड्यांचे मोल वाढले, तेव्हा अमेरिकेत काही कारागिरांनी बंद गाड्यांची छपरे कापून त्या उघड्या करून दिल्या. कामाची सफाई अशी की, रस्त्याने जाणाऱ्यास दोहोंत भेद कळू नये. ज्याने छप्पर कापले व ज्याने कापवून घेतले, त्यांनी तसे सांगितले तोवर त्यात फसवणूक नव्हती. परंतु गाडी तीन-चार हातांतून गेली, सांगणारी माणसे गेली, आणि 'कापलेली' हा शब्द मध्येच कोठे गळून पडला, तर पुढचा घेणारा दुसऱ्याच वस्तूचे पैसे मोजून बसतो. वस्तू तीच, तिच्याविषयीचे एक वाक्य मात्र हरवलेले असते.

मग हे ओळखावयाचे कसे? त्याचे तीन मार्ग आहेत व ते एकमेकांस ताडून पाहावे लागतात.

पहिला मार्ग क्रमांकांचा. चॅसीवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरचा क्रमांक, आणि असल्यास सांगाड्याचा क्रमांक हे परस्परांशी व नोंदणीच्या कागदाशी जुळतात का, हे आधी पाहतात. दुसरा मार्ग कागदपत्रांचा. त्या वर्षीची किंमतपत्रिका, विक्रीची पावती, दुरुस्तीची वही आणि कारखान्याचे दप्तर. इटालियन कारखान्यांनी जुनी दप्तरे जपली आहेत. फेरारीने तर २००६ साली या कामासाठी 'फेरारी क्लासिके' नावाचा स्वतंत्र विभाग काढला. जुन्या नोंदींशी गाडी ताडून तो विभाग तिच्या अस्सलपणाचा दाखला देतो.

तिसरा मार्ग खुद्द वस्तूचा, आणि तो आपणांपैकी कोणासही वापरता येईल. कारखान्यात भोक पाडले जाते ते बहुधा रंग चढण्यापूर्वी. म्हणून त्या भोकाच्या कडेवर आतपर्यंत रंग पोहोचलेला असतो. मागाहून पाडलेल्या भोकाची कड उघड्या पत्र्याची असते, आणि बहुधा तेथूनच गंज धरू लागतो. कारखान्याची तार इतर तारांच्या जुडग्यात एकत्र बांधलेली असते. मागाहून ओढलेली तार एकटी जाते व कोठे तरी चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली सापडते. झाकलेल्या भागाखालचा रंग बाहेरच्या रंगापेक्षा ताजा असेल, तर तो भाग फार लवकर बसविला गेला असे समजावे. शाळेत मी मुलांना उत्तराबरोबर रीतही लिहावयास सांगतो. येथेही तसेच आहे. 'अस्सल आहे' हे उत्तर झाले. ते कसे काढले, ही रीत दाखविता आली पाहिजे.

इतके समजल्यावर मी आमच्या पडवीतील गाडीकडे वळलो. आता कोणी म्हणेल की, कोठे ती फेरारी आणि कोठे आमची संत्र्यांच्या पेट्या वाहणारी फियाट! परंतु हे नाते दिसते तितके दूरचे नाही. फियाटचे अभियंते दान्ते जाकोसा यांच्या हातची, १०८९ घनसेंटिमीटर इंजिनाची ११०० ही गाडी दुसऱ्या महायुद्धापूर्वीच लोकप्रिय झाली होती. युद्धानंतर तुरीनचे उद्योजक पिएरो दुसिओ यांनी याच फियाटची यंत्रसामग्री आधारास घेऊन 'चिसितालिया २०२' ही स्पोर्ट्स गाडी काढली. पिनिन फारिना यांनी तिला जे रूप दिले ते इतके मान्य झाले की, १९५१ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींच्या प्रदर्शनात ती मांडली. वर ज्यांचा उल्लेख आला ते अबार्थ आधी याच चिसितालियाकडे कामास होते.

१९५३ च्या मार्च महिन्यात जिनिव्हा येथे फियाटने नवी ११००, म्हणजे '११००/१०३', लोकांपुढे ठेवली. इटलीत तिला 'मिलेचेन्तो' म्हणत. त्या भाषेत त्याचा अर्थ अकराशे असाच आहे. साधी आणि अधिक सजविलेली अशा दोन तऱ्हांनी ती विक्रीस आली, आणि त्याच वर्षी 'टी.व्ही.' नावाची वेगवान आवृत्तीही निघाली. ही अक्षरे दूरचित्रवाणीची नव्हेत. वेगाने प्रवास करावयाची गाडी अशा अर्थाच्या 'तुरिस्मो व्हेलोचे' या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. तिच्या इंजिनाची शक्ती साध्या गाडीच्या ३६ अश्वशक्तीऐवजी सुमारे ५० होती, आणि तोंडाच्या जाळीत मधोमध एक तिसरा दिवा असे. १९५५ साली हिचीच दोन बैठकांची, उघड्या छपराची स्पोर्ट्स गाडीही निघाली. सारांश, मिलेचेन्तो ही कुटुंबाची गाडी खरी, परंतु तिची भावंडे शर्यतीच्या रस्त्यावरची होती.

हीच मिलेचेन्तो आपल्याकडे मुंबईस आली. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ साली पहिली गाडी बाहेर पडली, आणि १९५४ पासून तेथे फियाट ११०० तयार होऊ लागली. १९६४ साली 'डिलाइट' या नावाने ११०० डी आली. सत्तरीच्या दशकात तिचेच नाव 'प्रेसिडेंट' व पुढे 'पद्मिनी' असे झाले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सर्वांच्या परिचयाची आहे. त्या जातीच्या शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. वीस वर्षांची वयोमर्यादा पुरी होताच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून निवृत्त झाली.

येथे एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. इटलीतील ११०० डी गाडीस १२२१ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, तर कुर्ल्याच्या गाडीने १०८९ चे जुनेच इंजिन चालू ठेवले. तेव्हा कोणी इटलीची पुस्तिका हाती घेऊन आमच्या गाडीचे इंजिन लहान, म्हणून ते बदललेले आहे, असा निकाल दिला तर तो साफ चुकेल. 'मूळ' म्हणजे त्या कारखान्याचे, त्या वर्षीचे आणि त्या क्रमांकाच्या गाडीचे मूळ होय.

आपल्याकडील परिस्थिती आणखी एका बाबतीत निराळी होती. इटलीत गिऱ्हाईक पसंती करी. आपल्याकडे ते वाट पाही. गाड्या थोड्या, मागणी मोठी. १९५९ साली सरकारने मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण ठेवणारा हुकूम काढला होता. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे, आणि पाळी आली की जी गाडी मिळेल ती घेऊन यावी, अशी रीत. कारखान्याकडून निवडीला फारसा वाव नसल्याने साजाचे बरेचसे काम विक्रेत्याच्या दुकानात आणि गावोगावच्या कारागिरांकडे होई. यामुळे आपल्याकडील जुन्या गाड्यांवर कारखान्याच्या साजापेक्षा पुढच्या दोन थरांचा साज अधिक दिसतो, आणि म्हणून त्यांची उकल करणे जिकिरीचे ठरते.

आमच्या आजोबांचीही हीच कथा. १९५६ पर्यंत आमचा हा मुलूख ज्या प्रांतात होता त्याची राजधानी नागपूर. पुढे राज्ये बदलली, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला, पण बाजाराची वाट नागपूरचीच राहिली. आजोबा तेथेच नाव नोंदवून आले होते. गाडीची पाळी आली तेव्हा विक्रेत्याने सांगितले की, काही जोडसामान घेतल्याखेरीज किल्ली मिळावयाची नाही. आजोबांना हवा होता तो फक्त छतावरचा कॅरियर, बागेतील संत्री स्टेशनावर नेण्यासाठी. पदरात पडले ते असे : बैठकांची आवरणे, रबरी चटया, धुक्याच्या दिव्यांची जोडी, काचेवरची झापड आणि कॅरियर. ही हकिकत बाबा नेहमी सांगत. पण ती खरी कशावरून? मी आजीची पत्र्याची पेटी उघडली. जमिनीच्या कागदांखाली विक्रेत्याची पावती होती. तीत वरील पाच वस्तू, त्याच क्रमाने, गाडीच्या किमतीखाली वेगळ्या लिहिलेल्या होत्या. तारीख गाडी ताब्यात घेतल्याच्या दिवसाचीच.

त्याच पेटीत टपाल कार्यालयाने दिलेला रेडिओचा परवाना सापडला. त्या काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे, हे आपणांपैकी वडील श्रोत्यांना आठवत असेल. परवान्यावर साल होते १९७२. पावतीत रेडिओचा उल्लेख नाही. डॅशबोर्डाखाली हात घालून पाहिले, तो रेडिओसाठी कापलेल्या पत्र्याची कड कानशीने घासलेली व उघडी लागली. तार एकटीच गेलेली. म्हणजे रेडिओ चार वर्षांनी, आजोबांच्या हौसेने आला. जमिनीवरचा गिअर बाबांनी बसवून घेतला. दांड्यावरचा गिअर झिजून अडकू लागला होता, आणि आमच्या परिचयाच्या एका मिस्त्रीने तो खाली आणला. तुरीनमध्ये नार्दी यांनी जे केले तेच, परंतु गरजेपोटी. लाकडी दिसणारे स्टिअरिंग काकांनी आणले, तेव्हा मी शाळेत जात होतो.

यावरून एक चमत्कारिक गोष्ट निष्पन्न झाली. मध्यस्थांना जे काढून टाकावयाचे होते, ते कॅरियर आणि झापड, ती गाडीबरोबर पहिल्या दिवसापासूनची. आणि जे 'कंपनीचे' म्हणून लिहून हवे होते, ते सर्व मागाहून आलेले. कारखान्याचे यांपैकी काहीच नव्हे. पण पहिल्या दोन वस्तूंना कागदाचा आधार आहे, एका काळाची साक्ष आहे. त्या फेकून गाडी कोरी दिसेल, पण ती १९६८ साली ज्या रूपात सावरगावात आली त्या रूपाची राहणार नाही.

हा प्रश्न केवळ विक्रीपुरता नाही. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून अधिक जुने, मूळ स्वरूपात राखलेले, आणि चॅसी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेले वाहन त्यांत 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते, व त्यास 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. म्हणजे 'मूळ स्वरूप' हा शब्द आता हौशी मंडळींच्या गप्पांपुरता उरला नसून नियमात आला आहे. अशा वेळी कोणी खोटे लिहून दिले, तर ते पुढच्या मालकाच्या कागदपत्रांत जाऊन बसेल आणि त्याच्याही पुढच्याला खरे वाटेल. शाळामास्तराची सही असल्यामुळे कदाचित अधिकच खरे वाटेल.

मी एक कागद घेतला व त्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात कारखान्याचे, दुसऱ्यात विक्रेत्याने दिलेले, तिसऱ्यात आम्ही केलेले. प्रत्येक ओळीपुढे पुरावा लिहिला : पावती, परवाना, पत्र्याची कड, किंवा केवळ 'बाबांकडून ऐकलेले'. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहिली. तो कागद मध्यस्थांना दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून परत केला आणि आकडा बराच खाली आणला. त्या आकड्यास गाडी देणे दादास पटले नाही, आणि सौदा मोडला. त्या रात्री जेवताना दादा म्हणाला, "तुझ्या तीन रकान्यांनी पोरीची फी गेली." त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे त्याने पतपेढीतून कर्ज काढले, जामीन मी राहिलो, आणि हप्त्याचा निम्मा भार आता मी उचलतो. खरे लिहिल्याची किंमत एकट्या दादाने भरावी हे मला योग्य वाटले नाही.

श्रोतेहो, आपणांपैकी अनेकांच्या घरी जुनी मोटार नसेल. परंतु जुनी सायकल असेल, शिलाईयंत्र असेल, रेडिओ असेल, नाही तर आजोबांचे भिंतीवरचे घड्याळ असेल. त्याबरोबर काय आले, पुढे काय जोडले, कोणी व का बदलले, हे सांगणारी माणसे घरात आहेत तोवर ते लिहून ठेवावे. पावती फाडून टाकू नये. दुरुस्तीत निघालेला जुना भाग चांगला असेल तर फडक्यात बांधून ठेवावा. आमच्या मिस्त्रीने काढलेला तो दांड्यावरचा गिअर बाबांनी असाच ठेवला होता, आणि तो मला माळ्यावर सापडला. मनात आले तर तो उद्या पुन्हा बसविता येईल. कापलेला पत्रा मात्र पूर्ववत होत नाही. म्हणून जोडताना हात सैल असला तरी चालेल, कापताना तो आवरावा, आणि सांगताना जे जसे घडले ते तसेच सांगावे.

गाडी अजून आमच्या पडवीत आहे. कॅरियर छतावर आहे, झापड काचेवर आहे. तीन रकान्यांचा तो कागद मी पावतीसह गाडीच्या कप्प्यात ठेवून दिला आहे. उद्या गाडी विकली गेली, तर तो तिच्याबरोबर जाईल.